पळी कोणाच्या हाती?

गेल्या महिन्यात एका अभ्यासशिबिरात 'समाजवाद आणि वितरण' या विषयावर बोलण्यासाठी मला बोलाविले होते. व्याख्यान संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "सर, रेशनचा कोटा, हमीभाव, मजुरीचे दर असल्या डागडुजीवर आपण किती वर्षे बोलत राहणार? अन्यायाचे मूळ पैसा आहे. पैसाच नसलेला समाज हे आपले ध्येय आहे असे आपण उघडपणे का सांगत नाही?" माझ्या तासाभराच्या व्याख्यानाला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या एका प्रश्नाला पडल्या. वेळ संपली होती. मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले; त्याने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. ते अपुरे उत्तर पुरे करण्यासाठी हा लेख.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. पैसा नाहीसा केल्याने टंचाई नाहीशी होत नाही. टंचाई आहे तोवर कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही हे कोणीतरी ठरवावेच लागते. पैशाच्या समाजात ते थैली ठरविते. थैली काढून घेतली की ते वाढणारा ठरवितो. 'वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसले तरी चालते' असे आपल्याकडे म्हणतात. पैसा रद्द करण्याची घोषणा देणाऱ्या मित्रांनी पंगतीतील या अनुभवाचा विचार केलेला नाही. पळी कोणाच्या हाती आहे आणि ती कोणत्या नियमाने चालते, हा वितरणाचा खरा प्रश्न आहे. समाजवाद्याने त्या प्रश्नापासून पळ काढणे मला अक्षम्य वाटते.

पैशावरचा आपला आक्षेप

पैशावरील आपला राग निराधार आहे असे मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तके पैशाची कार्ये सांगतात: मूल्य मोजणे, विनिमय घडविणे, संचय करणे. मीही पस्तीस वर्षे वर्गात तेच सांगत आलो. परंतु पैशाचे एक चौथे कार्य आहे, आणि ते पुस्तकात क्वचितच येते: हुकूम चालविणे. ज्याच्याजवळ तो आहे त्याच्या हौसेला बाजारात आवाज मिळतो. ज्याच्याजवळ नाही त्याच्या भुकेलाही मिळत नाही.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ याचा सर्वांत भीषण पुरावा आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमधील धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता, आणि १९४१ पेक्षा तर तो १३ टक्क्यांनी जास्त होता. १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. १९४३ साली मात्र सुमारे ३० लाख माणसे मेली. धान्य होते, पण भूमिहीन मजूर, कोळी, खेड्यातील कारागीर यांची मजुरी आणि मिळकत तांदळाच्या भावाच्या कितीतरी मागे पडली होती. बाजाराने आपले काम चोख केले: ज्याची थैली जड त्याच्याकडे तांदूळ गेला.

पण याच घटनेची दुसरी बाजू आपण विसरतो. कलकत्त्यातील कारखान्यांचे कामगार आणि सरकारी नोकर यांना स्वस्त दरात धान्य पुरविण्याची सोय होती, कारण युद्धासाठी त्यांची गरज होती. म्हणजे बाजाराबाहेरचे वितरणही तेथे होते, आणि ते सत्तेला उपयोगी पडणाऱ्यांपुरते होते. खेड्यात मरणाऱ्याला थैलीनेही नाकारले आणि पळीनेही. माझा सगळा युक्तिवाद या दुहेरी नकारावर उभा आहे.

आपल्या गावगाड्यात पैसा कोठे होता?

पैसा नसलेला समाज ही भविष्यातील कल्पना आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या आजा-पणजांनी तो पाहिला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून त्याची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे. सुताराने नांगर द्यावा, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट शिवावी, महाराने गावकी करावी, आणि सुगीत खळ्यावर प्रत्येकाने आपले बलुते न्यावे. रोकड जवळजवळ नाही. बलुतेदारांची थोरली, मधली, धाकटी अशी कास ठरलेली आणि कोणाला काय मिळावयाचे तेही ठरलेले. चलनविरहित वितरणाचा नमुना हवा असेल तर हा शतकानुशतके चाललेला नमुना आहे.

तो न्याय्य होता काय? याचे उत्तर ज्यांनी तो भोगला त्यांनी दिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्री होते. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराकडून दिवसरात्र कोणत्याही वेळी कोणतेही काम घेता यावे आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर राहावा, ही गुलामगिरी आहे असे त्यांचे म्हणणे होते. कामाचे माप नाही, वेळेचे माप नाही, म्हणून मोबदल्याचेही माप नाही. खळ्यावरचा वाटा हक्काचा म्हणावयाचा, पण तो हात पसरून घ्यावयाचा. ही कनिष्ठ वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

त्या गावातून जो महार तरुण रेल्वेत, गोदीत, गिरणीत गेला त्याला पहिल्यांदा पगार मिळाला. तो नाण्यांत होता आणि त्या नाण्यांवर त्याची जात लिहिलेली नव्हती. मी पैशाची आरती ओवाळीत नाही. गिरणीतही साचेखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. रोख पगाराने जात मोडली नाही. पण पाटलाची मर्जी आणि पोटाची भाकरी यांच्यामधली गाठ त्या पगाराने सैल केली हे नाकारता येणार नाही. माणूस गाव सोडू शकला. पैसा सर्वत्र आणि सर्वकाळ दास्यच निर्माण करतो असे म्हणणाऱ्यांनी या इतिहासाला उत्तर दिले पाहिजे. मला आजवर ते मिळालेले नाही.

क्रांतीने केलेले प्रयोग

"गावगाडा सरंजामी होता, क्रांतीनंतरचा समाज तसा नसेल," असे यावर सांगितले जाते. तेव्हा क्रांतीनंतरचे समाजही पाहू.

रशियात १९१८ ते १९२१ या काळात यादवी युद्ध, नाकेबंदी आणि बोल्शेविकांतील अनेकांची श्रद्धा या तिन्हींच्या संयोगाने पैसा जवळजवळ निकामी झाला. शेतकऱ्याकडून जादा धान्य सक्तीने उचलावयाचे आणि शहरात वर्गवारीने वाटावयाचे अशी व्यवस्था होती. अवजड काम करणाऱ्यांना पहिला शिधा, जुन्या धनिकांना शेवटचा. १९२० च्या डिसेंबरात तर शिध्याची किंमत घेणेच बंद करण्याचा हुकूम निघाला. पैसा मेला असे समजून काहींना आनंद झाला. प्रत्यक्षात शहराला जगविणाऱ्या अन्नाचा फार मोठा हिस्सा पाठीवर पोती घेऊन आगगाडीने फिरणाऱ्या चोरट्या व्यापाऱ्यांकडून येत होता. पेट्रोग्राडची लोकसंख्या तीन वर्षांत सुमारे एकतृतीयांशावर आली. माणसे अन्नाच्या शोधात खेड्याकडे निघून गेली. १९२१ च्या मार्चमध्ये क्रोनस्टाटच्या खलाशांनी बंड केले. त्यांच्या ठरावातील दोन मागण्या आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत: सर्व श्रमिकांना समान शिधा द्या, आणि धान्य आणणाऱ्यांना अडविणारी पथके रस्त्यांवरून हटवा. क्रांतीचे बालेकिल्लेदार म्हणविले गेलेले हे खलाशी पैशाविना चाललेल्या वाटपात समता नाही अशी तक्रार करीत होते. त्यांचे बंड चिरडण्यात आले. पण त्याच महिन्यात लेनिनने सक्तीच्या वसुलीऐवजी धान्यकर आणला आणि बाजार पुन्हा उघडला.

कंबोडियाचे नाव घेताना हात कापतो. १९७५ च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूजने सत्ता घेतली आणि चलन, बाजार, मजुरी सारे एका फटक्यात रद्द केले. नोम पेन्हमधील राष्ट्रीय बँकेची इमारत सुरुंगाने उडविली. सगळ्यांनी सामुदायिक भोजनगृहात जेवावयाचे. पळी कार्यकर्त्याच्या हाती, आणि त्या कार्यकर्त्याला जाब विचारणारा कोणीही नाही. खिशात नाणे नाही, म्हणून पळून जाण्याचीही सोय नाही. पावणेचार वर्षांत सुमारे ८० लाख लोकवस्तीच्या त्या देशात १५ ते २० लाख माणसे उपासमार, रोग, अतिश्रम आणि कत्तल यांनी मेली. १९८० साली तेथे पुन्हा चलन आणावे लागले. हे पैसा रद्द केल्यामुळेच घडले असे म्हणणे बालिश ठरेल. ते एका नृशंस सत्तेमुळे घडले. परंतु पैसा रद्द केल्याने त्या सत्तेच्या हाती प्रत्येकाचे पोट आले, हे मात्र खरे.

समान वाटपानंतरही विनिमय

आता एक लहान, पण मला फार बोलके वाटणारे उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून दिवस काढलेले रॅडफर्ड नावाचे अर्थशास्त्री होते. त्यांनी १९४५ साली छावणीच्या अर्थव्यवस्थेवर एक निबंध लिहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. छावणीत प्रत्येकाला रेडक्रॉसची सारखीच पेटी मिळे. मालक नाही, मजूर नाही, वारसा नाही. वाटप अगदी समान. तरीही पेट्या फुटताच देवघेव सुरू होई, कारण विडी न ओढणाऱ्याला सिगारेट नको आणि चहा पिणाऱ्याला कॉफी नको. थोड्याच काळात सिगारेट हेच नाणे झाले आणि भाव सिगारेटींत सांगितले जाऊ लागले. एका कैद्याला उर्दू येत होती. त्याने शीख कैद्यांकडून मांस घ्यावे आणि मोबदल्यात लोणी-मुरंबा द्यावा. भाषेच्या भिंतीवर त्याने दलालीचा धंदा उभारला. पुढे आणखी लोक त्या धंद्यात उतरले तेव्हा दोन्ही बाजूंचे भाव जवळ आले.

यातून दोन गोष्टी निघतात. माणसांच्या गरजा सारख्या नसतात, म्हणून समान वाटप झाल्यावरही विनिमय उरतोच. तुम्ही नाणे बंद केले तर सिगारेट नाणे होते. दुसरी गोष्ट समाजवाद्यांच्या बाजूची आहे. तो विनिमय कोणालाही उपाशी ठेवू शकला नाही तो आधीच्या समान वाटपामुळे. आधी प्रत्येकाची पेटी, मग बाजार: हा क्रम महत्त्वाचा आहे.

पैशाची नांगी

ब्रिटनने युद्धकाळात हाच क्रम एका देशाच्या पातळीवर राबविला. १९४० च्या जानेवारीत सुरू झालेले रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत टिकले. लोणी, साखर, मांस यांचा माणशी वाटा ठरला. १९४१ च्या जूनमध्ये कपड्यांसाठी कूपने आली, पहिल्या वर्षी माणशी ६६. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डबाबंद अन्नासाठी 'पॉइंट' पद्धत आली: प्रत्येकाला सारखे पॉइंट, आणि कोणत्या वस्तूवर ते खर्चावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. एखाद्या वस्तूचा तुटवडा वाढला की तिचे पॉइंट वाढत. अर्थशास्त्राच्या भाषेत ते दुसरे चलनच होते. फरक एवढाच की ते प्रत्येकाला सारखे मिळे आणि साठवून त्याची जमीन घेता येत नसे. पौंड-शिलिंग रद्द झाले नव्हते. पैसा असून भागत नसे, कूपनही लागे, आणि कूपन उमरावाला व हमालाला सारखेच होते. नांगी मोडून पैसा वापरात ठेवला होता.

फटी तेथेही होत्या. उपाहारगृहातील जेवणाला कूपन लागत नसे. श्रीमंतांनी तो मार्ग शोधला आणि १९४२ साली सरकारला जेवणाच्या दरावर ५ शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. पण ही व्यवस्था एकंदरीत चालली, कारण नियम आधी जाहीर होते आणि ते सर्वांना कळत होते. आपल्याकडेही १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. पुढे १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी पैसा रद्द करा अशी मागणी केली नव्हती. जीवनावश्यक वस्तू रास्त भावात मिळाल्या पाहिजेत अशी त्यांची मागणी होती. त्या स्त्रियांना अर्थशास्त्र आपल्यापेक्षा बरे कळत होते.

हिशेबाचा मुद्दाही टाळता येत नाही. १९२० साली मिझेस यांनी समाजवादात किंमती नसल्याने आर्थिक हिशेबच अशक्य होईल असा दावा केला. 'अशक्य' हा शब्द अतिरेकी होता. १९३० च्या दशकात ऑस्कर लांगे यांनी त्याला समर्थ उत्तर दिले. पण ते उत्तर किंमती ठेवून दिलेले होते, काढून टाकून नव्हे! आणि त्याआधीच, १९१९ साली म्यूनिकच्या क्रांतीत नियोजनाचे काम पाहिलेल्या ऑटो नॉयराट यांनी सगळा हिशेब वस्तूंत करण्याचा आग्रह धरला होता. त्यांचा एक मुद्दा मला आजही मान्य आहे: माणसाचे आयुष्य, आजार, पाणी या गोष्टी एकाच मापात तोलता येत नाहीत. म्हणून कोणत्या वस्तू थैलीच्या कक्षेबाहेर ठेवावयाच्या हे समाजाने एकेक वस्तू पाहून ठरविले पाहिजे.

बाजारवाद्यांनी खूश होऊ नये

येथवर वाचून बाजाराचे पुरस्कर्ते खूश झाले असतील. "शेवटी प्राध्यापकांनाही कळले!" असे ते म्हणतील. त्यांनाही दोन शब्द.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. तेव्हापासून "धान्य कशाला, रोख रक्कमच खात्यात टाका" असा धोशा चालू आहे. विदर्भ-मराठवाड्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकेवरील शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत होते. २०२३ साली त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरले. ५ किलोला १५० म्हणजे किलोला ३० रुपये. धान्याचा भाव वाढला की तेवढ्याच रकमेत धान्य कमी येते. कोट्यातील ५ किलो मात्र ५ किलोच राहतात. बंगालच्या मजुराचे जे झाले त्याचेच हे सौम्य रूप आहे. भूक किलोत मोजली जाते, आणि तिची हमी रुपयांत देणे म्हणजे भाववाढीचा सारा धोका भुकेल्याच्या डोक्यावर टाकणे होय.

पण बाजाराबाहेर ठेवलेली वस्तू आपोआप न्यायाने वाटली जाते असेही नाही. २०२१ च्या मे महिन्यातील लसीकरण आठवा. सरकारी केंद्रावर लस फुकट होती. १८ ते ४४ वयाच्या लोकांना मात्र आधी संगणकीय नोंदणी करावयाची होती, आणि नोंदणीचे ते दालन आरंभी इंग्रजीत होते. शहरातील चपळ बोटांनी काही क्षणांत जागा पटकावल्या आणि मोटारी घेऊन ती मंडळी आडगावच्या केंद्रांवर हजर झाली. गावातला मजूर बाहेर उभा राहून बघत राहिला. किंमत शून्य होती, तरी फोन, भाषा आणि मोटार असलेलाच पुढे गेला. सर्वोच्च न्यायालयालाही त्या महिन्यात या दरीबद्दल सरकारला प्रश्न विचारावे लागले. रेशन दुकानात अंगठा घेणाऱ्या यंत्राची गोष्ट तीच. आयुष्यभर खडी फोडून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यालाच यंत्र ओळखत नाही.

मूत्रपिंडाचे उदाहरण तर आणखी कठोर आहे. १९९४ च्या कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरविली, आणि ते योग्यच झाले. मृत दात्याचे मूत्रपिंड प्रतीक्षायादीनुसार मिळते. तेथे बोली लागत नाही. परंतु यादीत नाव येण्यासाठी रुग्णालयाच्या तपासण्यांचा खर्च, आणि शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभराच्या औषधांचा खर्च, हे ज्याला पेलते तोच मुळात यादीत उतरतो. मधल्या दारातून घालवून दिलेला पैसा पुढच्या आणि मागच्या दारात बसून राहिला आहे. आणि "उद्या विपुलता येईल, मग वाटपाचा प्रश्नच उरणार नाही" असे सांगणाऱ्यांना मी विचारतो: मूत्रपिंडांची विपुलता कोणती क्रांती आणणार आहे? मे महिन्यातील पाण्याची?

पुरंदरचा धडा

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई आणि आम्हा पोरांना तेथे सुकडी मिळे. पैसे लागत नसत. पण पोते फुटले की मुकादमाच्या भावकीतील पोरांची भांडी आधी भरत आणि आमच्या वाट्याला बहुधा पोत्याचा तळ येई. चलनविरहित वितरणाचा तो माझा पहिला पाठ. अर्थशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाने त्यात फारशी भर घातली नाही.

त्याच दुष्काळाने अस्वस्थ होऊन विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले आणि १९७४ पासून पाणी पंचायतीची कल्पना आकाराला आली. तिचे नियम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत असे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसावर: माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसासारखी पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत. आणि योजनेच्या खर्चातील पाचवा हिस्सा लाभधारकांनी रोख भरावयाचा.

हा शेवटचा नियम आमच्या तरुण मित्रांना खटकेल. पण त्यातच या योजनेचे शहाणपण आहे. पंप, पाइप, वीज यांचा हिशेब रुपयांतच झाला, कारण त्या वस्तू बाजारातूनच येतात आणि हिशेब नसला की योजना बुडते. पाण्याची वाटणी मात्र रुपयांत झाली नाही. ती माणसे मोजून झाली. मोजण्यासाठी पैसा ठेवला आणि हुकूम चालविण्यासाठी तो नाकारला. पाणी सोडणारा पाटकरीही गटाने नेमलेला आणि गटाला उत्तरदायी. सगळीकडे हे जमले असे नाही, आणि भोवताली उसाचे व मोठ्या बागायतदारांचे राजकारण उभे असताना ते विस्तारणे सोपेही नव्हते. पण सरंजामी गावगाड्यापासून आणि सर्वंकष राज्यसत्तेपासून सारखीच दूर अशी वाटणी आपल्याच मातीत उभी राहिली, एवढे निश्चित.

आपण काय करावयाचे?

दुर्मिळ वस्तूचे वितरण न्याय्य आहे काय हे ओळखण्याच्या माझ्या कसोट्या तीन आहेत. पहिली: माल येण्याआधी नियम ठरला पाहिजे. माल समोर असताना ठरणारा नियम बलवानाच्या सोयीचाच होतो. दुसरी: वही उघडी पाहिजे. कोणाला किती मिळाले हे पंगतीतील शेवटच्या माणसालाही वाचता आले पाहिजे. तिसरी: ज्याला नाकारले त्याला दाद मागता आली पाहिजे, आणि दाद मागताना त्याची चूल विझता कामा नये. या तिसऱ्या कसोटीसाठी त्याच्या खिशात कोणी अडवू शकणार नाही अशी कष्टाची थोडी रोकड असावी लागते. रोजगार हमीच्या मजुरीसाठी आपण का भांडतो याचे उत्तर येथे आहे.

बलुतेदारी दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीत नापास झाली. पेट्रोग्राडचा शिधा आणि कंबोडियाचे भोजनगृह तिसऱ्या कसोटीत नापास झाले, आणि तेथे त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली. आपले रेशन दुकान आज तीनपैकी किती कसोट्यांना उतरते हे प्रत्येक शाखेने आपापल्या गावी जाऊन पाहावे. अन्नसुरक्षा कायद्यात दक्षता समित्यांची आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. आपल्या तालुक्यातील किती समित्यांची बैठक गेल्या वर्षी झाली? लाभार्थ्यांच्या यादीचे चावडीवाचन कधी झाले? अंगठा न जुळल्याने किती म्हातारी माणसे रिकाम्या पिशवीने परतली? हे प्रश्न घेऊन दहा कार्यकर्ते तहसील कचेरीत गेले, तर भांडवलशाहीच्या अंतावरील दहा व्याख्यानांपेक्षा गरिबाच्या पदरात अधिक पडेल.

शिबिरातील त्या तरुण मित्राचा राग खरा आहे आणि तो विझावा अशी माझी इच्छा नाही. फक्त तो योग्य ठिकाणी वळावा. पैसा नाहीसा होईल त्या दिवसाची वाट पाहत बसणे सोपे आहे. त्यासाठी आज कोणाशीही भांडावे लागत नाही. धान्य, पाणी, औषध, दवाखान्यातील खाट या एकेका वस्तूवरून थैलीचा हक्क उठविणे, आणि तो उठविताच पळी धरणाऱ्या हाताचा हिशेब मागणे, यासाठी मात्र रोज भांडावे लागते. पळी उद्या आपल्याच पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हाती आली, तर त्याच्याकडेही तो तितक्याच कठोरपणे मागावा लागेल. पुढच्या शिबिराला मला पुन्हा बोलाविले, तर त्या मित्राने आपल्या गावच्या रेशन दुकानाची वही वाचून यावे. मग पैशाच्या भवितव्यावर आपण सावकाश बोलू.